गाडीत गेम उघडत नाही, चार्ज पुरत नाही

वाचकाचं पत्र: "माझ्याकडे स्टीम डेकचं (हातात धरून पीसीचे गेम खेळायचं यंत्र) एलसीडी मॉडेल आहे, मामेभावाने अमेरिकेहून आणलेलं. साइटच्या कामासाठी महिन्यातून तीनदा तरी पुण्याहून रात्रीच्या गाडीने नागपूरला जातो, अधूनमधून विमानाने चेन्नईला, आणि पुढच्या महिन्यात दुबई आहे. सायबरपंक लावला की पावणेदोन तासांत बॅटरी संपते. माझ्याकडे २०,००० एमएएचची पॉवर बँक आहे, तिच्यावर २२.५ वॉट लिहिलंय. ती लावून खेळलो तरी टक्के खालीच जातात. गेल्या खेपेला दौंड सोडल्यावर दोन मिनिटं फोनचा हॉटस्पॉट लावला आणि त्यानंतर गेमच उघडेना, 'अपडेट' एवढंच म्हणत होता. शिवाय डावी स्टिक आपोआप वर सरकते. डेक मी लॅपटॉपच्या बॅगेत कापडी कव्हरमध्ये ठेवतो. आता ३०,००० एमएएचची पॉवर बँक घ्यावी म्हणतो. कोणती घेऊ?" — एक वाचक, पुणे

उत्तर:

तूर्त कोणतीच घेऊ नका. तुमची पॉवर बँक लहान नाही. डेक जेवढा खातोय तेवढं ती एका वेळी देऊ शकत नाही, आणि ही अडचण मोठी बँक घेऊन सुटत नाही. ३०,००० ची घेतलीत तर उलट विमानतळावर एक नवा प्रश्न उभा राहील. आधी हिशोब पाहू.

तुमच्या मॉडेलची बॅटरी ४० वॉट-अवरची आहे. सायबरपंकसारखा जड गेम चालू असताना चिप, स्क्रीन, पंखा, वाय-फाय सगळं मिळून साधारण २२ वॉट जातात. ४० भागिले २२ म्हणजे पावणेदोन तास. तुम्ही लिहिलंय तेच उत्तर आलं, म्हणजे तुमची बॅटरी ठणठणीत आहे, तिच्यावर शंका घेऊ नका. (२०२३ च्या नोव्हेंबरात आलेल्या ओएलईडी मॉडेलची बॅटरी ५० वॉट-अवरची आहे. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी त्या आकड्याने भागावं.)

आता पॉवर बँक उलटी करून तिच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. पुढे ठळक छापलेले २२.५ वॉट बहुतेक वेळा चौकोनी यूएसबी-ए पोर्टचे असतात, तेही ठरावीक फोनच्या जलद चार्जिंगपुरते. टाइप-सी पोर्टपुढे 'पीडी आउटपुट ९ व्होल्ट – २ अँपिअर' असं काहीतरी दिसेल, म्हणजे १८ वॉट (पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरी, टाइप-सीची जलद चार्जिंगची पद्धत). डेकला पूर्ण वेगाने चार्ज व्हायला १५ व्होल्ट – ३ अँपिअर, म्हणजे ४५ वॉट लागतात. आत १८ येतात आणि बाहेर २२ जातात, तर टक्के घसरणारच. यूएसबी-ए ते टाइप-सी अशी केबल लावत असाल तर परिस्थिती आणखी वाईट, कारण त्या केबलमधून पीडीची बोलणीच होत नाहीत. डेकवर 'स्लो चार्जर'ची सूचना येते ती याच कारणाने. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल घ्या. ६० वॉटपर्यंतची साधी केबल डेकला पुरते, १०० वॉटची महागडी घ्यायची गरज नाही.

म्हणून पहिलं काम खर्च कमी करण्याचं. डेकच्या उजव्या बाजूचं तीन ठिपक्यांचं बटण दाबा, बॅटरीच्या चित्राच्या पानावर जा आणि 'परफॉर्मन्स ओव्हरले' दुसऱ्या पायरीवर ठेवा. गेम चालू असताना वरच्या पट्टीत बॅटरीतून त्या क्षणी किती वॉट जातायत ते दिसायला लागेल. प्रवासात याच आकड्याकडे लक्ष ठेवा, टक्के नंतर.

त्याच पानावर 'पर-गेम प्रोफाइल' चालू करा, म्हणजे केलेले बदल त्या एका गेमपुरते राहतील. मग फ्रेम लिमिट ४० वर आणा. ६० वरून खाली आलो तर गेम अडखळेल अशी भीती असते, पण ४० चा हिशोब वेगळा आहे: ६० ला प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंदांनी येतं, ३० ला ३३.३ ने आणि ४० ला बरोबर २५ ने, म्हणजे दोघांच्या अगदी मध्यावर. स्क्रीनही ४० हर्ट्झवर जात असल्याने हालचाल नितळ दिसते. त्यानंतर 'टीडीपी लिमिट' चालू करा. चिपने किती वॉट घ्यायचे त्याची ही मर्यादा, ३ ते १५ मध्ये लावता येते. ९ पासून सुरुवात करा. गेम ४० च्या खाली घसरू लागला तर एकेक वॉट वाढवा, टिकून राहिला तर एकेक कमी करून पाहा. जिथे गेम टिकतो त्यातलं सर्वांत लहान टीडीपी हे त्या गेमचं तुमचं माप. ब्राइटनेस निम्म्यावर आणा, ब्लूटूथचं काम नसेल तर विमान मोड लावा. मध्यम वजनाचा गेम अशाने १२ वॉटांच्या आसपास येतो आणि ४० वॉट-अवरची बॅटरी तीन तासांवर जाते. स्टारड्यू व्हॅलीसारखा हलका गेम आठाच्या घरात, म्हणजे पाच तास. आणि मुख्य म्हणजे डेक १२ वॉट खात असेल तर तुमची तीच १८ वॉटची पॉवर बँक खेळता खेळता टक्के वर चढवू लागेल.

सायबरपंकच्या बाबतीत मात्र खोटी आशा दाखवत नाही. त्याला ९ वॉट दिले तर तो रखडतो. ३० फ्रेमवर बांधून टीडीपी १२ च्या जवळ ठेवलंत तरी एकूण खर्च १७–१८ च्या खाली फारसा उतरत नाही. तो गेम नागपूरच्या मुक्कामाच्या खोलीत, भिंतीच्या सॉकेटजवळ बसून खेळा. गाडीसाठी दोन हलके गेम वेगळे ठेवा, त्यातला एक पाळीपाळीने चाल करायचा (टर्न-बेस्ड) असू द्या. घाटात किंवा एसटीत ज्यांना गाडी लागते त्यांनी तर वेगाने कॅमेरा फिरणारा गेम उघडूच नये. मळमळ सुरू झाल्यावर डेक बंद करून खिडकीबाहेर बघण्यापलीकडे उपाय नसतो.

आता ३०,००० च्या बँकेकडे. एमएएचला ३.७ ने गुणून हजाराने भागलं की वॉट-अवर मिळतात. २०,००० म्हणजे ७४, ३०,००० म्हणजे १११. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची बँक हातातल्या सामानात चालते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते, १६० च्या वर नाहीच. चेक-इनच्या बॅगेत कुठल्याही क्षमतेची पॉवर बँक टाकायची नसते. म्हणजे १११ वाली घेऊन तुम्ही दर वेळी परवानगीच्या भानगडीत पडाल. दुसरं असं की पॉवर बँकेतले सगळे वॉट-अवर डेकमध्ये पोचत नाहीत. व्होल्टेज वर चढवताना आणि पुन्हा डेकच्या आत उतरवताना पाचेक हिस्स्यातला एक उष्णता होऊन जातो. ७४ पैकी ५७ ते ६० हाती लागतात, म्हणजे तुमच्या डेकचं जवळजवळ दीड चार्जिंग. रात्रीच्या प्रवासाला तेवढं भरपूर झालं. कधी बदलायचीच वेळ आली तर २०,००० चीच घ्या, पण टाइप-सी पोर्टपुढे '१५ व्होल्ट – ३ अँपिअर' छापलेलं पाहून, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण असलेली आणि क्षमता ठसठशीत वाचता येणारी. सुरक्षा तपासणीत अक्षरं पुसट झालेली बँक काढून ठेवली जाऊ शकते. तिथे डेक आणि पॉवर बँक दोन्ही लॅपटॉपसारखी बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवा, बॅग पुन्हा पुन्हा मागे जात नाही.

दुबईला एमिरेट्सने जाणार असाल तर त्यांचा नियम १ ऑक्टोबर २०२५ पासून कडक आहे: प्रत्येकी एकच पॉवर बँक, १०० वॉट-अवरच्या आतली, क्षमता छापलेली. विमानात ती वापरायची नाही, चार्जही करायची नाही, आणि वरच्या कप्प्यात न ठेवता सीटखाली किंवा समोरच्या खिशात ठेवायची. इतरही अनेक कंपन्या आता उड्डाणात बँक वापरू देत नाहीत, तेव्हा विमानात डेकच्या स्वतःच्या बॅटरीवरच भिस्त ठेवून १०० टक्के करून चढा. सीटच्या यूएसबी-ए पोर्टमधून येणारी वीज तुटपुंजी असते. डेक झोपवून (स्लीप मोडमध्ये) लावलात तर थोडीफार भर पडते, खेळताना तिचा उपयोग नाही. दुबईत भिंतीचे सॉकेट तीन चपट्या पिनांचे असतात, आपली गोल पिन तिथे बसत नाही. त्याचा अडॅप्टर इथूनच न्या.

पिनांचा विषय निघालाच आहे तर रेल्वेचं बघू. तुमचा चार्जर अमेरिकेचा, म्हणजे दोन चपट्या पिनांचा. त्यावर कन्व्हर्टर लावून तुम्ही तो बर्थजवळच्या सॉकेटमध्ये खुपसत असणार. चार्जरचं वजन, त्यात कन्व्हर्टरची लांबी, आणि हजारो लोकांनी वापरून सैल झालेलं सॉकेट. गाडीने रुळ बदलला की तो पुढे झुकतो, संपर्क सुटतो, पुन्हा जुळतो. हे असं रात्रभर चालू-बंद होत राहणं चार्जरला चांगलं नाही आणि सॉकेटमध्ये ठिणग्या पडतात ते त्याहून वाईट. भारतीय पिनांचा, लहान चणीचा ४५ किंवा ६५ वॉटचा गॅन (गॅलियम नायट्राइडचा) चार्जर घ्या. पिना बघून घ्या: युरोपी धाटणीच्या बारीक पिना ४ मिलिमीटरच्या असतात, आपल्या ५ अँपिअरच्या सॉकेटची भोकं सुमारे ५ मिलिमीटरच्या पिनेसाठी केलेली. बारीक पिन त्यात खुळखुळते. जाड पिनेचा मिळाला तर उत्तम. दोन पोर्टांचा ६५ वॉटचा चार्जर असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा, दुसऱ्या पोर्टला फोन लावताच तो वीज वाटून देतो. कुठल्या पोर्टला ४५ उरतात ते खोक्यावर लिहिलेलं असतं, डेक तिथे लावा.

जुन्या डब्यांत सॉकेटवर ११० व्होल्ट लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, चार्जरच्या पोटावर 'इनपुट १००–२४० व्होल्ट' असेल तर चालतं. पण अनेक गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट आगीच्या भीतीने बंद ठेवतात. 'झोपताना लावतो, सकाळी भरलेला मिळेल' हा बेत त्यामुळे फसतो. पुण्यातून निघाल्यापासून ११ पर्यंतच्या वेळात डेक आणि फोन भरून घ्या आणि पॉवर बँक त्यानंतरसाठी राखून ठेवा.

दौंडला जे झालं ते समजून घेतलंत तर पुन्हा होणार नाही. ऑफलाइन असताना स्टीमला, म्हणजे डेकवरच्या गेमच्या दुकानाला, नवं अपडेट आलंय हे माहीतच नसतं, त्यामुळे गेम 'प्ले' दाखवतो. दोन मिनिटांच्या हॉटस्पॉटमध्ये त्याला ते कळलं, डाउनलोड होण्याआधी नेटवर्क गेलं, आणि 'प्ले'च्या जागी 'अपडेट' आलं. तुम्ही हॉटस्पॉट लावला नसता तर गेम उघडला असता. रोजच्या दीड-दोन जीबी डेटात दहा-बारा जीबीचं अपडेट गाडीत उतरवणं शक्यच नाही, तेव्हा हे काम निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या वाय-फायवर करायचं. आधी डाउनलोडचं पान उघडून रांगेतलं सगळं संपू द्या. मग गाडीत खेळायचा प्रत्येक गेम एकदा सुरू करून मुख्य मेनूच्या पुढे, प्रत्यक्ष खेळापर्यंत जा. नव्याने टाकलेला गेम पहिल्यांदा उघडताना विंडोजचे काही घटक आणि शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) उतरवून घेतो, हे राहून गेलं तर गाडीत तो काळ्या पडद्यावर अडकतो. रॉकस्टार, युबिसॉफ्ट, ईए यांचे गेम वर स्वतःचा लाँचरही उघडतात आणि त्यात लॉगिन जुनं झालेलं असतं. ते त्याच रात्री पुन्हा करून घ्या, आणि तरीही अशा एकाच गेमवर विसंबून निघू नका. सगळं झाल्यावर स्टीम बटण, सेटिंग्ज, इंटरनेट, तिथे 'ऑफलाइन मोड' चालू करा. वाय-फाय चालू असतानाच करा, गाडीत बसल्यावर नव्हे. एकदा चालू केलात की नागपूरपर्यंत डेकला इंटरनेट दाखवू नका. वाटेत प्रोटॉनची (विंडोजचे गेम डेकवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) आवृत्तीही बदलू नका. काही गेमांचं कॉपी-संरक्षण त्याला नवं यंत्र समजतं आणि ऑनलाइन खात्री मागतं.

घरी पीसीवरही हेच गेम खेळत असाल तर परतल्यावर आधी डेक ऑनलाइन आणा, गेममधून पूर्ण बाहेर पडा आणि क्लाउडची खूण पूर्ण होऊ द्या. गेम चालू ठेवून डेक नुसता झोपवला तर सेव्ह त्याच्यातच अडकून राहतो. पीसी जुन्या सेव्हवरून पुढे जातो, आणि नंतर दोन सेव्हांपैकी कोणता ठेवायचा असं विचारलं जातं. तिथे घाई न करता दोन्हीवरची तारीख-वेळ वाचा. चुकीचा निवडला तर नागपूरची अख्खी फेरी पुसली जाते.

डाव्या स्टिकचं. कापडी कव्हर आणि शेजारी लॅपटॉप, यात स्टिक तासन्‌तास एका बाजूला दाबलेली राहते. प्रवास करणाऱ्यांच्या डेकची स्टिक बिघडण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. सेटिंग्जमधल्या 'कंट्रोलर' पानावर कॅलिब्रेशन (स्टिकचा मध्य नव्याने ठरवणं) आणि डेड झोन (मध्याजवळची जेवढी हालचाल डेक सोडून देतो तेवढा भाग) आहेत. स्टिक मोकळी सोडून खूण मध्यापासून किती हलते ते बघा. थोडीशीच हलत असेल तर कॅलिब्रेट करा आणि डेड झोन तेवढाच वाढवा, जास्त नको, नाहीतर हळू चालणं अवघड होतं. खूण उड्या मारत असेल तर स्टिकचा भाग बदलावा लागेल. ते कुणाकडूनही करून घेतलंत तरी मागचं झाकण उघडण्याआधी एसडी कार्ड स्वतः काढून घ्या. कार्ड आत राहिलं आणि झाकण उचललं की ते मधोमध मोडतं. झाकणाला आठ स्क्रू आहेत, लांबीला दोन प्रकारचे. आखूडच्या जागी लांब गेला तर प्लॅस्टिक फाटतं.

डेकबरोबर आलेली कडक केस कपाटात पडली असेल तर आजच बाहेर काढा. जागा खाते हे खरं, पण तिच्यात स्टिकसाठी खोलगट जागा आहे आणि चार्जर मागच्या खाचेत बसतो. बॅगेत ती पाठीच्या बाजूला उभी ठेवा, पाण्याची बाटली त्या कप्प्यात नको. केसमध्ये घालताना डेक झोपलेला नसावा, बंद असावा: पॉवर बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा आणि 'शट डाउन' निवडा. झोपलेल्या डेकचं बटण बॅगेत दाबलं गेलं तर तो जागा होतो, आणि बंद केसमध्ये पंख्याला हवा मिळत नाही. केसमध्ये ठेवून चार्जही करू नका.

डेक ० ते ३५ अंशांच्या हवेसाठी बनवलेला आहे. नागपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. उन्हात उभ्या गाडीत तो क्षणभरही सोडू नका, विशेषतः १०० टक्के भरलेला असताना, कारण भरलेली बॅटरी उष्णतेत सर्वांत लवकर म्हातारी होते. हवा पाठीमागून आत जाते आणि वरच्या कडेने बाहेर पडते. बर्थवर पांघरुणात टेकवून खेळलं की पाठीची जाळी झाकली जाते, तेव्हा गुडघ्यांवर किंवा उशीच्या टोकावर उभा धरा. मुक्कामात आठवडाभर सॉकेटलाच लावून खेळणार असाल तर सेटिंग्जच्या 'पॉवर' पानावर चार्जची मर्यादा ८० टक्के करता येते. परतीच्या आदल्या रात्री ती काढायला विसरू नका.

पावसाळ्यात एक वेगळीच गोष्ट घडते. एसी डब्यात रात्रभर गार झालेला डेक घेऊन तुम्ही दमट फलाटावर उतरता आणि केस उघडता. चष्म्यावर जसं धुकं धरतं तसंच ते डेकच्या स्क्रीनवर धरतं, आणि आतल्या बोर्डावरही, जे दिसत नाही. केस न उघडता अर्धा तास तशीच राहू द्या, मग डेक बाहेर काढा. केसमध्ये सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या ठेवल्या तर कोकणाकडे जाताना विशेष उपयोग होतो.

शेवटी, लॉक स्क्रीनला पिन लावा, डेकच्या पाठीवरचा सीरियल नंबर आणि मामेभावाकडून बिल मागवून दोन्हींचा फोटो फोनमध्ये ठेवा. चार्जिंगला लावून शौचालयाकडे जायचं झालं तर डेक केसमध्ये घालून बरोबर न्या, चार्जर सॉकेटला राहिला तरी चालेल. रात्री १० नंतर वायरचा हेडफोन लावा आणि कंपन बंद करा. त्याची घरघर खालच्या बर्थच्या फळीतून थेट डोक्याशी ऐकू येते.